दुसऱ्या कार्डाचा अर्ज

कारंज्यात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याला दोन बातम्या सगळ्यांच्या आधी कळतात : कोणाच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी निघाली आणि कोणाचं सिबिल खराब झालं. पहिल्या दुखण्याचं औषध माझ्या फळीवर असतं. दुसऱ्याचं मला स्वतःसाठी शोधावं लागलं. मावसभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीनदार होतो. सलग दोन हंगाम हातचे गेले, हप्ते थकले, फायनान्सवाल्यांनी ट्रॅक्टर ओढून नेला आणि शेवटी तडजोडीच्या रकमेवर खातं मिटलं. त्या ट्रॅक्टरवर मी कधी बसलोसुद्धा नव्हतो, पण कर्जाची ओळ माझ्या अहवालात येऊन बसली आणि दुकानासाठी मागितलेला ओव्हरड्राफ्ट नाकारला गेला. पुढे मुदत ठेवीवर एक कार्ड घेऊन पत पुन्हा उभी केली. ती उभी राहायला लागली तसा प्रश्न आला दुसऱ्या कार्डाचा : घ्यायचं का, आणि घ्यायचं तर अर्ज कधी टाकायचा. काउंटरवर आता बरेच जण हेच विचारतात, म्हणून जे कळलं ते क्रमाने लिहितो.

१. आकडा नंतर बघा, आधी खालच्या ओळी वाचा.

माझा मुलगा नागपूरला शिकतो. त्याचा एका संध्याकाळी फोन आला, “बाबा, साडेसातशेच्या वर गेला ना स्कोअर, आता टाका अर्ज!” मोबाइलवर फुकट दिसणारा आकडा बघून सगळे असाच अर्ज ठोकतात. स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो आणि साडेसातशे म्हणजे पास, अशी एक समजूत आहे. पण नकार येतो तो बहुतेक वेळा आकड्याच्या खाली लिहिलेल्या गोष्टींमुळे.

आपल्या देशात अशी माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण सगळ्यांना मिळून ‘सिबिल’च म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. बँक त्यांतल्या कोणाकडे चौकशी करेल ते आपल्या हातात नाही, म्हणून चारही काढायचे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घसरतो ही अफवा आहे.

मी ते चारही छापून घेतले आणि दुपारच्या सामसुमीत काउंटरवर पसरून वाचले. एकात माझा पत्ता ‘कारंजा, जिल्हा वाशीम’. कारंजा (लाड) वेगळं आणि नागपूर-अमरावती महामार्गावरचं, वर्धा जिल्ह्यातलं आमचं कारंजा (घाडगे) वेगळं, हे समजावण्यात इथल्या माणसाचं अर्धं आयुष्य जातं. कुरिअरवाला चुकला तर पार्सल चार दिवस फिरून येतं. संगणक चुकला तर पत्ता जुळत नाही म्हणून अर्ज बाद होतो, आणि आपण मात्र स्कोअरला दोष देत बसतो.

दुसऱ्या पानावर ट्रॅक्टर होता. मालकीच्या रकान्यात ‘जामीनदार’, खाली महिन्यामहिन्याचे चौकोन. वेळेवर भरणा झाला त्या महिन्यात ०००. मग ०३०, ०६१, ०९१ असे वाढत गेलेले आकडे. हप्ता किती दिवस थकला होता ते प्रत्येक चौकोन सांगतो आणि ही रांग छत्तीस महिन्यांपर्यंत मागे जाते. बँकेतला माणूस आधी हीच रांग बघतो. अलीकडचे चौकोन ००० असतील आणि बिघाड मागे सरकत चालला असेल तर तो पुढे वाचतो. बिघाड ताजा असेल तर स्कोअर काहीही असो, थांबलेलं बरं.

२. ‘सेटल्ड’ शेरा असेपर्यंत दुसरं कार्ड मागू नये.

तडजोडीत खातं मिटलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. बँकेच्या लेखी मात्र तिथे तिचे पैसे बुडालेले असतात. आमच्या प्रकरणात मी आणि मावसभावाने राहिलेली रक्कम भरायची तयारी दाखवली, ती थोडी-थोडी करून भरली, ‘नो ड्यूज’चा कागद घेतला आणि कर्ज देणाऱ्यालाच लेखी सांगितलं की आता शेरा ‘क्लोज्ड’ असा कळवा. हा शेरा पतमाहिती कंपनी स्वतःहून बदलत नाही. कर्ज देणाऱ्याने कळवावं लागतं. नोंद चुकीची असेल तर कंपनीकडे तक्रार टाकता येते आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. वाशीमचा पत्ता मी असाच दुरुस्त करून घेतला.

“सिबिल क्लिअर करून देतो” म्हणणारे दलाल आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही आणि खोटी नोंद पुसायला दलाल लागत नाही. त्यांना आधार, पॅन आणि ओटीपी देणारे लोक पाहिले की जीव तुटतो.

इथे शेतकऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. वर्धा जिल्हा मध्यवर्ती बँक अडचणीत आली तेव्हा आमच्याकडचे कितीतरी खातेदार राष्ट्रीयीकृत बँकांकडे वळले आणि त्यांचं पीककर्ज या अहवालांत ठळक दिसायला लागलं. किसान क्रेडिट कार्ड हेही तिथे एक कर्जखातंच असतं. २०१७ ची दीड लाखाची माफी झाली, २०१९ ची दोन लाखांची झाली, तेव्हापासून पुढच्या माफीच्या आशेने भरणा थांबवणारे गावोगाव आहेत. त्यांचा हिशेब मी चूक म्हणणार नाही, ज्याचं त्याला माहीत. पण त्या काळात चौकोन भरतच राहतात. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका असं मुख्यमंत्र्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं, ते पीककर्जापुरतं. क्रेडिट कार्डाच्या अर्जाला ती सवलत नाही.

३. पहिलं कार्ड नीट चाललं पाहिजे. ते चालवणं हे एक काम आहे.

ठेवीवरचं कार्ड सोपं असतं : बँकेत मुदत ठेव ठेवायची, तिच्यावर बोजा चढतो आणि ठेवीच्या जवळपास मर्यादा मिळते. ठेवीवर व्याज चालूच राहतं. उत्पन्नाचा पुरावा फारसा मागत नाहीत, आणि आमच्या भागात हीच मोठी अडचण असते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून अनेकांनी कधी विवरणपत्र भरलेलं नसतं. बारा एकर संत्र्याचा मालक बँकेच्या फॉर्मवर बिनउत्पन्नाचा ठरतो.

कारंज्यात कार्ड घासायची मशीन मोजक्या ठिकाणी. पण क्यूआर कोड चहाच्या टपरीवरही आहे, आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. मी तेच केलं. विजेचं बिल, गाडीचं पेट्रोल, घरचा किराणा, एवढंच कार्डावर. दुकानाचा माल कार्डावर घ्यायचा नाही, हा नियम बायकोने घातला आणि तिनेच पाळायला लावला.

लहान मर्यादेचा एक फास असतो. वीस हजारांच्या कार्डावर बारा हजार वापरले की साठ टक्के झाले. पूर्ण बिल वेळेत भरलं तरी अहवालात त्या दिवशी साठ टक्के दिसतात, कारण बँका साधारण बिलाच्या तारखेची बाकी कळवतात. तीस टक्क्यांच्या आत राहा म्हणतात ते यासाठी. म्हणून मी बिल निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीच बरीचशी रक्कम भरून टाकायचो. बिल अगदी नगण्य निघायचं. एवढं ज्याला जमतं त्यानेच दुसऱ्या कार्डाचा विचार करावा. आणि खरं तर त्याला आधी त्याच बँकेत ठेव वाढवून मर्यादा वाढवता येते का ते विचारावं. बऱ्याचदा दुसऱ्या कार्डाचा प्रश्न तिथेच मिटतो.

४. अर्जाची बातमी पसरते.

उधारी देणारा माणूस म्हणून मला हे समजायला वेळ लागला नाही. सकाळी तीन दुकानं फिरून, तिथे जमलं नाही म्हणून चौथ्या नंबरवर माझ्याकडे आलेला गिऱ्हाईक मी लगेच ओळखतो. बाजार एवढासा; तो पोचायच्या आधी त्याची बातमी पोचलेली असते. मी त्याला नाही म्हणतो, भले त्याची जुनी उधारी चुकती असो. बँका हेच करतात. प्रत्येक अर्जाबरोबर चौकशीची नोंद पडते, कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेने, किती रकमेसाठी. नकार मिळाला हे अहवालात लिहिलेलं नसतं. पण एका महिन्यात चार चौकश्या आणि नवं खातं एकही नाही, याचा अर्थ लावायला फार हुशारी लागत नाही.

म्हणून एका वेळी एकच अर्ज. नकार आला तर सहा महिने गप्प. मधल्या काळात बँकेकडे कारण लेखी मागा; कार्डाचा अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवणं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. हे काउंटरवरच्या साहेबाला नम्रपणे सांगितलं तरी बऱ्याचदा तो म्हणतो, “सिस्टिमनेच रिजेक्ट केलं.” मग ई-मेल लिहायचा.

पहिलं कार्ड घेतल्यावर किती थांबावं? माझं मत वर्षभर. सहा महिन्यांत चालतं असं सांगणारे आहेत आणि काहींचं चाललंही आहे. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना महिन्याऐवजी दर पंधरवड्याला माहिती कळवणं सक्तीचं झालं, त्यामुळे सुधारणा लवकर दिसते हे खरं. पण लवकर दिसणं वेगळं आणि भरवसा बसणं वेगळं. आमच्याकडे वर्षाशिवाय माणसाची परीक्षा होत नाही, कारण पेरणी, फवारणी, दिवाळी, लग्नसराई हे सगळे खर्च एका वर्षात येऊन जातात. या सगळ्यांतून ज्याचं कार्ड स्वच्छ निघालं त्याचं खरं.

५. आपल्या गावचं वर्ष बघून महिना निवडा.

हा सल्ला कुठे छापून आलेला पाहिला नाही. आमच्याकडे मार्चअखेर पीककर्जाचं नवं-जुनं होतं आणि एप्रिल ते जून खरिपाच्या कर्जासाठी रांगा लागतात. त्या काळात घरातल्या कर्जदाराच्या नावावर कार्डाची ताजी चौकशी असू नये. मुलांच्या शैक्षणिक कर्जाचा मोसमही तोच. सहकर्जदार म्हणून बापाचा अहवाल निघतो. घराचं कर्ज काढायचं असेल तर आधीचे सहा महिने कार्डाचं नाव काढू नये.

दुसरं गणित उत्पन्नाचं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या मागेपुढे निघतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. बाग झाडावरच विकणाऱ्याला व्यापारी इसार देतो आणि बाकी तोडणीला. खात्यावर पैसा दिसतो तो तेव्हा. बँक बचत खात्याचे सहा महिने मागते. जुलै-ऑगस्टात काढलेलं पासबुक आंबियावाल्या बागाईतदाराचंही कोरडंच दिसणार. दुकानदाराने विवरणपत्र भरून झाल्यावर, नवीन पावती जोडून अर्ज करावा. मी हे दोन्ही जुळवलं : विवरणपत्र भरलेलं, आंबियाचा हंगाम सुरू होऊन गिऱ्हाइकांच्या उधाऱ्या दुकानाच्या खात्यात येऊ लागलेल्या, पीककर्जाला अवकाश. अर्ज टाकला तो ज्या बँकेत ठेव होती तिथेच. मागितली त्यापेक्षा मर्यादा कमी दिली, पण ठेवीशिवाय दिली.

६. कशासाठी पाहिजे, याचं उत्तर मोठ्याने देऊन बघा.

एक नेहमीचा गिऱ्हाईक, मला काका म्हणतो, मोबाइल पुढे करून विचारत होता.

“काका, नागपूरहून फोन होता, प्री-अप्रूव्ह झालं म्हने कार्ड. घेऊ का?”

“कायले पाह्यजे?”

“पह्यलं फुल झालं ना. आता फवारनीले पैसे कुठून आनू?”

पहिलं कार्ड भरलं म्हणून दुसरं, हे उत्तर असेल तर अर्ज करू नये. मग स्कोअर ८०० का असेना. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. वीस हजार थकले, त्यातली फक्त किमान रक्कम भरली, तर उरलेल्यावर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज लागतं. वीस हजारांवर सातशे रुपये, वर अठरा टक्के जीएसटीचे एकशे सव्वीस. वर्षाचं व्याजच बेचाळीस टक्के. कार्डावर वार्षिक तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावू नये असा ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे त्या बाजूने आता आडकाठी नाही.

याच्या शेजारी आमचे इतर दर ठेवून बघा. पीककर्ज वेळेवर फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत ते शून्य टक्क्याने पडतं. आणि ज्या सावकाराला आपण पिढ्यानपिढ्या शिव्या घातल्या, त्या परवानाधारक सावकारालासुद्धा २०१४ च्या कायद्याखाली शेतकऱ्याला तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्के, बिगरशेतकऱ्याला १५ आणि १८ टक्के एवढीच मुभा आहे. बिनपरवान्याचे सावकार काय घेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण कागदावर तरी कार्ड सावकाराच्या दुपटीहून पुढे आहे. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, शिवाय शुल्क वेगळं. फवारणीसाठी त्या पोराला मी उधारीच दिली. धंद्याच्या दृष्टीने मला तीच परवडली.

चालण्यासारखी कारणं असतात. पहिलं कार्ड यूपीआयला जोडता येत नसेल आणि दुसरं रुपे असेल. ठेव मोडायची गरज येणार असेल. ठेव मोडली की तिच्यावरचं कार्ड बंद होतं, तेव्हा ती मोडण्याआधी ठेवीशिवायचं एक हातात असावं. माझं कारण हेच होतं. घरात दुसऱ्या माणसाला हवं असेल तर ॲड-ऑन कार्ड घ्या, फक्त हे लक्षात ठेवा की त्याची पत मूळ कार्डधारकाच्या नावावर बनते आणि बिघडतेही त्याच्याच.

७. ‘प्री-अप्रूव्ह’ म्हणजे मंजूर नव्हे. तो निरोप आला तरी अर्जानंतर चौकशी पडतेच आणि नकारही येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या कर्जांवरचा जोखीमभार वाढवला, तेव्हापासून बँका हात आखडूनच देतात. मॉलच्या दाराशी टेबल लावून बसलेल्या पोरांचं महिन्याचं टार्गेट असतं; त्यांच्यावर रागवू नये आणि त्यांच्या फॉर्मवर सहीही करू नये.

८. कार्ड हातात आल्यावरची कामं.

तीस दिवसांत कार्ड सुरू केलं नाही तर बँक ओटीपीने संमती विचारते आणि ती दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत ते फुकट बंद करावं लागतं. म्हणजे कार्ड आल्यावरही मागे फिरायला जागा असते. शुल्काचा कागद वाचून मन बदललं तर ओटीपी देऊ नका.

बिलाची तारीख बदलून घ्या. निदान एकदा तरी ती बदलू देणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. दोन कार्डांच्या तारखा महिन्याच्या एकाच टोकाला आल्या की कसरत होते. मी एक महिन्याच्या सुरुवातीला आणि एक मध्याला ठेवलं. दोन्हीला ऑटो-पे लावला, पूर्ण रकमेचा. किमान रकमेचा ऑटो-पे लावून देणारा मोबाइल ॲपमधला पर्याय कधीकधी आधीच निवडलेला असतो, तो बदलावा लागतो. भरणा चुकून राहिलाच तर देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँक तुम्हाला थकबाकीदार म्हणून कळवू शकत नाही किंवा दंड लावू शकत नाही. तेवढ्यात धावपळ करून भरून टाका.

जुनं कार्ड लगेच बंद करू नका, त्याचं वय कामाला येतं. कधीमधी एखादं रिचार्ज त्याच्यावर करा, कारण वर्षभर न वापरलेलं कार्ड कळवून बंद करण्याचा अधिकार बँकेला आहे. आणि खरंच बंद करायचं ठरलं तर बाकी शून्य करून लेखी विनंती द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं नाही तर पुढे दिवसाला ५०० रुपये तुमचे. माझं ठेवीवरचं कार्ड अजून चालू आहे. ठेव पुढच्या फेब्रुवारीत पिकते, तेव्हा ती मुलाच्या शेवटच्या वर्षाच्या फीला लागेल आणि ते कार्ड तेव्हाच बंद होईल.